बाँडवर सुटलेल्या बाईसोबतची दोन वर्षे

१ ऑगस्ट २०२५ ला, शुक्रवारी, एका बाईचा दोन वर्षांचा बाँड (तुरुंगाऐवजी कोर्टाला दिलेली चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी, म्हणजे प्रोबेशन) संपला. गुन्हा चोरीचा होता. व्यसन देशी दारूचे आणि झोपेच्या गोळ्यांचे. कोर्ट, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशनवरच्या माणसावर देखरेख ठेवणारा) आणि सरकारी दवाखाना या तिन्ही ठिकाणी आम्ही दोन विधी स्वयंसेवक तिच्यासोबत जात होतो. तिची परवानगी घेऊन लिहीत आहोत. नाव-गाव आणि ओळख पटेल असे सगळे काढले आहे. अशा बाईची बहीण, मावशी किंवा एखादी कार्यकर्ती हे वाचत असेल, तर पुढे काय काय येते ते तिला आधी ठाऊक असावे, एवढ्यासाठी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, घरकामाला जायची त्या घरातून तिने दोन सोन्याच्या बांगड्या उचलल्या आणि सोनाराकडे मोडल्या. भारतीय दंड संहितेचे कलम ३८१, नोकराने केलेली चोरी, जास्तीत जास्त ७ वर्षे. (१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना न्याय संहिता लागते, तिथे हे कलम ३०६ आहे.) अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारले, "काही नशापाणी?" सोबत हवालदार, दारात नवरा. ती म्हणाली, "नाही." दुसऱ्या रात्री कोठडीत तिला फिट आली.

ही चूक इतकी सर्रास होते की इथे जरा थांबतो. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात, फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त, आणि भ्रम, भास, असंबद्ध बडबड बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. यात जीव जाऊ शकतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अचानक बंद झाल्या तरी फिट येते, आणि तिचे दोन्ही एकदम बंद झाले होते. पुरुष "रोज एक क्वार्टर लागते" असे डॉक्टरला सांगून मोकळा होतो. बाई नवऱ्यासमोर आणि पोलिसांसमोर ते बोलत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी महिला पोलीस मागावी, नातेवाइकाला बाहेर थांबवावे, आणि शेवटचा घोट व शेवटची गोळी कधी घेतली ते वेळेसकट केसपेपरवर लिहून घ्यावे. याच कागदाचा आठ महिन्यांनी प्रोबेशन मागताना उपयोग होतो: व्यसन आणि त्यावरचे उपचार आधीपासून नोंदलेले आहेत, ऐनवेळी रचलेली सबब नाही, हे त्यातून दिसते.

वकिलाचा खर्च शून्य. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. आम्हाला वकील मिळायला सहा दिवस लागले.

बांगड्या परत मिळाल्या होत्या, पहिलाच गुन्हा होता. तिने गुन्हा कबूल करायचे ठरवले. पण कबुली दिली की प्रोबेशन मिळतेच, असे अजिबात नाही. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम ४ कोर्टाला अधिकार देते, आरोपीला हक्क देत नाही. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल तर कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकते, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. आरोपी २१ वर्षांखालची असेल तर कलम ६ प्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. ती ३१ वर्षांची होती, त्यामुळे अहवाल मागवा असा अर्ज वकिलाने स्वतः दिला. १४ जून २०२३ ला दोषी ठरवल्याचा आदेश, अहवालासाठी पुढची तारीख १२ जुलै. जेमतेम चार आठवडे.

परिविक्षा अधिकारी, बोलीत पीओ, महिला व बालविकास खात्याचा माणूस असतो. आमचे पीओ साहेब ३८ किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी बसत. पहिल्या गृहभेटीत त्यांनी घर, कमाई, मुलीची अंगणवाडी, सासर-माहेर, आधीची केस असे सगळे विचारले. दारूबद्दल ती आणि नवरा दोघेही "कधीतरी, सणावाराला" म्हणाले. साहेब तिथून उठले आणि शेजारच्या तीन घरांत गेले. आठवड्याने वकील मॅडमचा फोन आला की अहवालाचा सूर "माहिती लपवते" असा चालला आहे. आम्ही तिला घेऊन जिल्ह्याला गेलो. तिने खरे सांगितले: रोज दीड-दोन क्वार्टर देशी, रात्री दोन-तीन गोळ्या, त्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून. साहेबांनी दुसरी भेट दिली आणि उपचारांची शिफारस जोडली. तो अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो, पण त्यातला मथितार्थ कोर्ट आरोपीला सांगू शकते आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देऊ शकते. ती संधी मागून घ्यावी.

दुसरा अडथळा पत्त्याचा. कलम ४ मध्येच अट आहे: आरोपीचे किंवा जामीनदाराचे कोर्टाच्या हद्दीत कायम राहण्याचे ठिकाण किंवा नियमित काम हवे. भाड्याची खोली, करार नाही, रेशनकार्ड सासूच्या गावचे. शेवटी घरमालकाचे पत्र, गॅसचे कार्ड आणि मुलीच्या नावाचा अंगणवाडीचा दाखला या तिघांवर भागले. घरातून हाकललेल्या बाईकडे यातले एकही नसते. तिच्यासाठी शक्ती सदनासारखे आधारगृह कागदावर दिसते, प्रत्यक्षात व्यसन चालू असलेल्या बाईला आम्ही विचारले त्या दोन ठिकाणी नकारच मिळाला. अशा वेळी हद्दीत राहणारा जामीनदार शोधणे हा जास्त चालणारा रस्ता.

१२ जुलैला साहेब रजेवर, पुढची तारीख २ ऑगस्ट. त्या तीन आठवड्यांत ती रोज विचारायची, "आत टाकतील का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

२ ऑगस्ट २०२३. दोन वर्षे, देखरेखीसह. (देखरेखीचा हुकूम झाला की तो कमीत कमी एक वर्षाचा असतो.) आदेश ऐकून सगळे रडू लागतात आणि बाँडवरच्या अटींकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. पण पुढची दोन वर्षे त्या चार ओळींवर काढायची असतात. वकील मॅडमनी त्याच दिवशी तीन शब्दरचना मागून घेतल्या आणि मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्या दिल्या. "मादक पदार्थ सेवन करणार नाही" यापुढे "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय" हे शब्द. कारण दारू सोडवताना दिलेल्या गोळ्याच मुळात गुंगीच्या असतात. नुसत्या वर्ज्यतेच्या अटीसोबत "सरकारी रुग्णालयात नियमित उपचार घेईन" ही ओळ; म्हणजे घसरण झाली, पुन्हा पिणे झाले, तरी अटीचा एक भाग ती पाळत असल्याचे दाखवता येते. आणि "याच पत्त्यावर राहीन" ऐवजी "पत्ता बदलल्यास परिविक्षा अधिकाऱ्यास आधी कळवीन". ही तिसरी ओळ पुढे किती कामी आली ते खाली येईलच.

जामीनदार म्हणून नवरा पुढे आला होता. आम्ही नको म्हटले. ज्या घरात मारहाण आहे तिथे नवऱ्याची सही म्हणजे त्याच्या हातात दिलेली दोरी; "जामीन काढून घेतो, जा आत" हे वाक्य आम्ही दुसऱ्या एका केसमध्ये ऐकले आहे. कायदा जामीनदारासह किंवा त्याच्याशिवाय, दोन्ही प्रकारे बाँड घेऊ देतो, म्हणून आधी बिनजामीनदाराचा मागावा. आमच्याकडे १५,००० रुपयांचा बाँड आणि एक जामीनदार असे ठरले. तिची मावशी नगरपरिषदेत सफाई कामगार म्हणून कायम नोकरीत. तिचे पगारपत्रक, आधार आणि दोन फोटो यावर काम झाले. झेरॉक्स, फोटो, रिक्षा, चहा धरून त्या दिवसाचा खर्च ६४० रुपये. निघण्यापूर्वी नक्कल विभागात आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकला आणि केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर त्यावरूनच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग. नऊ दिवस भरती. क्लोरडायझेपॉक्साइड (दारू तुटल्याचा त्रास आवरणारे औषध) रोज थोडे थोडे कमी करत, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने (ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, हे नर्सला आठवण करून द्यायला लाजू नये), यकृताची तपासणी. झोपेच्या गोळ्यांचे कमी करणे घरी आल्यावरही सहा आठवडे चालले. सोबतीला बाईमाणूस हवेच असा वॉर्डाचा नियम. मावशी आणि बहीण यांनी पाळ्या लावल्या. मुलगी चार वर्षांची, ती बहिणीकडे. मूल तीन वर्षांखालचे असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की भरतीच्या काळात त्याला आईपासून सहसा वेगळे करू नये. हे कलम २१ आहे, वॉर्डात कोणी अडवले तर नाव घेऊन सांगावे.

नंतरच्या निवासी पुनर्वसनासाठी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरून चार केंद्रांचे नंबर मिळाले. दोन ठिकाणी फक्त पुरुष. तिसऱ्याने स्त्रिया घेतो म्हटले, महिन्याला १८,००० रुपये. चौथा नंबर बंद. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के निघाल्या होत्या. खाटा कोणासाठी बांधल्या गेल्या हे त्यावरून समजते. पुण्यात मुक्तांगणचा स्त्रियांसाठी स्वतंत्र निशिगंध विभाग आहे, पण असे विभाग मोजकेच, आणि लहान मूल मागे ठेवून महिनाभर घराबाहेर राहायला ती तयार नव्हती. त्यामुळे ओपीडी: आधी दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांनी दर महिन्याला. यकृत बरे निघाल्यावर नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम, दारूची ओढ कमी करणारी गोळी. ही गोळी चालू असताना ट्रामाडोल किंवा कोडीन असलेले (अफूवर्गातले) औषध चालत नाही, हे दाताच्या डॉक्टरलाही सांगावे लागते. नवऱ्याने "दारू सोडवायची पावडर" भाजीत कालवायचा बेत सांगितला होता. तो हाणून पाडला. अशा पावडरीत असू शकणारे डायसल्फिराम न सांगता दिले आणि वरून ती प्याली तर रक्तदाब कोसळू शकतो; संमतीशिवाय ते द्यायचेच नसते.

पीओंकडे हजेरी महिन्यातून एकदा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, तरी जाऊन-येऊन साठ-पासष्ट रुपये आणि एका दिवसाची घरकामाची सुट्टी. राज्य सरकारच्या कार्यालयांना शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असते, आणि घरकामाच्या बाईला नेमके तेच दोन दिवस सांगून ठेवता येतात. शेवटी तिच्या तीन घरांना "दर महिन्याचा पहिला बुधवार दवाखाना" असे सांगितले, आणि साहेबांना व ओपीडीला दोघांनाही विनंती करून तोच बुधवार मागितला. एकच सुट्टी, एकच तिकीट. हे जमायला तीन महिने गेले, कारण कोर्ट, पीओ आणि दवाखाना यांना एकमेकांच्या तारखा माहीत नसतात. त्या जुळवण्याचे काम कोणाचेच नाही. ते सोबत करणाऱ्याने अंगावर घ्यावे. दोनशे पानी वही करावी: तारीख, कुठे, कोण भेटले, काय म्हणाले, पुढची तारीख, शेजारी त्यांची सही. पीओ बदलले (आमचे एकदा बदलले) तर नव्या माणसापुढे ती वहीच ठेवता येते.

मग मार्च २०२४, धुळवड. वस्तीत सकाळपासून पिणे चालू. तिने दोन नाइंट्या (९० मिलीच्या बाटल्या) घेतल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, आवाजावरूनच कळले. पुढची हजेरी ३ एप्रिलला होती. घरच्यांचा सूर एकच: सांगू नका, साहेबांना कसे कळणार?

परिवीक्षा अधिनियमाचे कलम ९ काय म्हणते ते आम्ही त्यांना वाचून दाखवले. अट मोडल्याची खात्री झाली तर कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकते आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. पण पहिलाच भंग असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंतचा दंड करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. (१९५८ चे ५० रुपये, आजही ५०.) म्हणजे कायद्याने घसरणीला जागा ठेवली आहे, ती जागा वापरायची तर आपण आधी पोचायला हवे. त्याच दिवशी ओपीडीत गेलो, डॉक्टरांनी "घसरण, उपचार चालू, सहकार्य चांगले" असे केसपेपरवर लिहिले, दुपारी पीओ साहेबांना फोन, दुसऱ्या दिवशी भेट. त्यांनी एक महिना दर पंधरवड्याला बोलावले. कोर्टात काही गेले नाही. सगळेच अधिकारी असे वागतील याची हमी देता येत नाही, पण लपवलेली घसरण शेजाऱ्याकडून कळली की अहवालात "घसरली" न येता "फसवते" असे येते, आणि तो शब्द परत पुसता येत नाही.

गंमत म्हणजे वर्षभरातली खरी धोक्याची वेळ पिण्यामुळे आली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलीला डेंग्यू झाला, हजेरी चुकली, फोन करायचे राहिले. दहा दिवसांत पीओ कार्यालयाचे पत्र आले. कार्यालयाच्या दृष्टीने हजेरीला न आलेली बाई म्हणजे पळालेली बाई. मुलीच्या भरतीचा कागद जोडून लेखी खुलासा दिला, पोच घेतली, मिटले. हजेरी चुकणार असे वाटले तर आदल्या दिवशी एसएमएस पाठवावा. फोनवर काय बोललो याला पुरावा नसतो.

इथे थोडे बाजूला. केस गांजा, ब्राउन शुगर (हेरॉइन) किंवा एमडीची (मेफेड्रोन) असेल तर वरचा रस्ता जसाच्या तसा लागू होत नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३३ परिवीक्षा अधिनियमाचा फायदा जवळजवळ बंद करते. आरोपी १८ वर्षांखालची असेल किंवा गुन्हा कलम २६ वा २७ (सेवन) चा असेल तरच तो मिळतो. पण त्याच कायद्यात कलम ३९ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी बाँडवर सोडता येते, वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल, आणि तो पाहून पुढे ३ वर्षांपर्यंतचा बाँड. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, मेफेड्रोन २ ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. कलम ६४-अ आणखी पुढे जाते, स्वतःहून पूर्ण उपचार घेतल्यास खटल्यातूनच संरक्षण. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. केंद्र सरकारमान्य असल्याचे पत्र भरतीआधी पाहावे, नाहीतर खर्चही जातो आणि अहवालही कोर्टात उपयोगाचा राहत नाही.

लघवीच्या तपासणीबद्दल: पट्टीची चाचणी प्राथमिक असते, वाद असेल तर प्रयोगशाळेची खात्रीची तपासणी मागावी. खसखस खाल्ल्याने अफूवर्गाची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीत अनारसे, खसखशीची खीर टाळलेली बरी. हसू नका, वाद होतो. रोज गांजा ओढणाऱ्या बाईची चाचणी सोडल्यावरही महिनाभर पॉझिटिव्ह राहू शकते, ते आधीच लिहून द्यावे. आणि दोन गोष्टी जिवाच्या. ब्राउन शुगर घेणारी बाई गरोदर असेल तर तिचे एकदम बंद करू नये. डॉक्टरच्या देखरेखीत ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर ठेवतात. आणि कोठडीतून किंवा भरतीतून बाहेर आल्यावर शरीराची सवय गेलेली असते, जुनाच डोस त्या वेळी मारक ठरतो. टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) काढून आलेल्या बाईला पहिले पंधरा दिवस एकटी ठेवू नये.

पुन्हा आपल्या केसकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारहाणीमुळे तिने घर सोडले आणि शेजारच्या जिल्ह्यात बहिणीकडे गेली. "कळवीन" ही ओळ होती म्हणून रात्री निघतानाच पीओंना एसएमएस, दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारीही याच खात्यात, आमच्याकडे तर त्याच मजल्यावर. देखरेख दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची तर परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १३ नुसार मूळ कोर्ट किंवा ती राहते तिथले जिल्हादंडाधिकारी दुसरा परिविक्षा अधिकारी नेमू शकतात. आम्ही मूळ कोर्टात अर्ज दिला. सात आठवडे लागले आणि तोवर दोन हजेऱ्या जुन्याच ठिकाणी द्याव्या लागल्या, ५२ किलोमीटर जास्तीचे. बाँडच्या अटीच बदलायच्या असतील तर तो कलम ८ चा विषय, अर्ज पीओंमार्फत जातो आणि कोर्ट तिचे व जामीनदाराचे ऐकल्याशिवाय बदल करत नाही. मावशीला त्यामुळेच विश्वासात ठेवले होते.

शेवटचे आठ महिने शांत गेले. लिहिण्यासारखे काही नाही. बुधवार, गोळी, सही.

मुदत संपली म्हणून घरी कोणी कागद आणून देत नाही. जुलै २०२५ च्या शेवटच्या भेटीत पीओंना समाप्ती अहवाल कोर्टात पाठवल्याचा जावक क्रमांक विचारून घेतला. ४ ऑगस्टला नक्कल विभागात मूळ आदेश, बाँड आणि शेवटचा रोजनामा (त्या तारखेच्या कामकाजाची कोर्टातली नोंद) यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज. ११ दिवस आणि एकूण १३० रुपये. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. याचा अर्थ केसची नोंदच पुसली जाते असा नव्हे; चारित्र्य पडताळणीत विचारले तर खरे सांगून ही प्रत दाखवायची. दोन संच घ्यावेत, एक तिच्याकडे, एक बहिणीकडे. लॅमिनेशन मात्र करू नका. शिक्का आणि सही तपासता येत नाही म्हणून अशी प्रत आम्हाला एका ठिकाणी परत मिळाली आहे.